दगडी पाल्याचा पत्ता

भिवंडी बघायला म्हणून कुणी जात नाही. आमच्या फलटणची माणसं काशीला जातात, अंदमानला जातात आणि परत आल्यावर फोटो दाखवून शेजाऱ्यांना छळतात. मी भिवंडीला सहा दिवस राहून आले. माझ्याकडे दाखवायला फोटो नाही. उजव्या हाताच्या तर्जनीवर एक काळा डाग आहे. त्याचीच ही हकिकत.

माझी धाकटी बहीण विजू भिवंडीच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवायची. अकरा वर्षं तिथे एकटी राहिली. गेल्या एप्रिलात तिला कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत ती गेली. ती असेपर्यंत मी एकदाही तिच्याकडे गेले नाही. ती बोलवायची आणि मी म्हणायची, "तुझ्या त्या मागांच्या खटखटाटात मला एक पान तरी वाचता येईल का?" मी शाळेत ग्रंथपाल होते. ग्रंथपालाला न जाण्याची कारणं फार चांगली सुचतात.

डिसेंबरात तिच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या वानखेडे सरांचं पत्र आलं. विजूच्या सामानाबरोबर तिची कच्ची वही आमच्याकडे आली होती, ती त्यांना हवी होती. एका पानाची झेरॉक्स त्यांच्याजवळ होती, पण तेवढ्यावरून प्रयोग जमत नव्हता. 'पोस्टाने पाठवलीत तरी चालेल,' असं त्यांनी लिहिलं होतं. मला काही ते चाललं नाही. मी वही पिशवीत घातली, पिशवी मांडीवर घेतली आणि निघाले.

रविवार, भिवंडी

कल्याणपर्यंतच्या बसचं वर्णन वगळते. पुढच्या रिक्षाचंही वगळते, कारण त्या प्रवासात माझे डोळे मिटलेले होते.

नाक्यावर पाटीलमामा मला घ्यायला आले होते. हे प्रयोगशाळेतले परिचर. विजूने एकदा लिहिलं होतं, 'आमच्या मामांच्या अंजूर गावातल्या जमिनीवर चार गोडाऊन उभी आहेत. ते माझ्या काचेच्या नळ्या धुतात आणि मी त्यांच्या चाळीत भाड्याने राहते. आमच्यात साहेब कोण, ते अजून ठरायचंय.' मला ती थट्टा वाटली होती. पण मामा खरोखरच पांढऱ्या शुभ्र चारचाकीतून उतरले, अंगात महाविद्यालयाचा खाकी सदरा.

"मोठी बाय ना तुमी? वलखली मी. मान वाकडी करून बघायची तीच सवय हाय."

गाडीत मी विचारलं, "मामा, चार गोडाऊन असताना नोकरी कशाला करता?"

"घरी बसून काय करू? गोडाऊन काय माज्याशी बोलतंय? कॉलेजात पोरांवर वरडाया तरी मिलतं."

विजूचं सामान फलटणला आलं होतं, पण खोली त्यांनी तशीच ठेवली होती. खालच्या गाळ्यात यंत्रमाग. खटक-खटक, खटक-खटक. टेबलावर पेन्सिल ठेवली की ती हळूहळू कडेकडे सरकते आणि पाचेक मिनिटांत खाली पडते. विजूने टेबलाच्या कडेला चिकटपट्टीचा एक बांध घातला होता. अकरा वर्षांच्या पेन्सिली अडवून तो काळा पडला होता. मी पुस्तक उघडलं. पान थरथरत होतं, पण वाचता येत होतं. हे मला आधी समजायला हवं होतं.

सोमवार, प्रयोगशाळा

वानखेडे सर मूळचे नागपूरकडचे. बोलणं मऊ, चेहरा सदा काळजीत. आधी त्यांनी मला प्रयोग समजावला. मला जसा समजला तसा सांगते.

सिल्व्हर नायट्रेट म्हणजे चांदीचा क्षार. पाण्यात विरघळला की दिसतही नाही. त्यात काही विशिष्ट झाडांच्या पाल्याचा काढा घातला की पाल्यातली द्रव्यं त्या विरघळलेल्या चांदीला पुन्हा कणांच्या रूपात आणतात. कण इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावतील. गंमत म्हणजे एवढी बारीक चांदी चांदीसारखी दिसत नाही, तपकिरी दिसते. पाणी तपकिरी झालं की समजायचं, जमलं. आणि ही बारीक चांदी जंतूंना मारते. जंतूंची साय धरलेल्या काचेच्या बशीत तिचा थेंब ठेवला की दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती स्वच्छ गोल दिसतो. तिथे जंतू वाढलेले नसतात.

"आपल्या आज्या चांदीच्या भांड्यात पाणी ठेवत होत्या न, तसंच," सर म्हणाले. "फक्त आज्यांना पेपर लिहावा लागत नव्हता."

विजूने सात पाले करून पाहिले होते आणि पाचवा सगळ्यांत सरस ठरला होता. तोच पुढे नेण्याचं काम अस्मा या एमएस्सीच्या मुलीकडे होतं. अस्माचे वडील लूमवर मास्तर. तिचं शिक्षण उर्दू शाळेत झालेलं, मराठी तिने विजूकडून आणि पाटीलमामांकडून उचललेली. त्यामुळे एकाच वाक्यात ती प्राध्यापिकाही असते आणि अंजूरकरही. तिने मला झेरॉक्स दाखवली. अक्षर विजूचं.

'नमुना ५. दगडी पाला. अकलोलीच्या वाटेवर, सकाळी. रंग : दोन तासांत तपकिरी, छान!! गोल : मोठा. आधार : अ.गु.'

बाकीच्या नमुन्यांसमोर 'आधार' या रकान्यात पुस्तकांची नावं होती. इथे नुसतं अ.गु.

"हा कोणता ग्रंथ आहे, तुम्हाला माहीत असन," सर म्हणाले. "आयुर्वेदाचा असावा. मी मुंबईपर्यंत विचारून राहिलो."

मी तीस वर्षं ग्रंथालयात काढली, पण अ.गु. मला माहीत नव्हता. मूळ वहीतही तेवढंच होतं.

खिडकीत या पाचव्या पाल्याचेच सात चंबू ओळीने ठेवले होते, प्रत्येकात फिकट हिरवट पाणी. दोन महिन्यांचं काम. एकही तपकिरी झाला नव्हता.

सरांनी चष्मा पुसला. "शनिवारी अस्माचा प्रबंध जमा व्हायचा आहे. तोवर नमुना पाच निघाला नाही, तर ते पान काढावं लागन. अन् खाली लिहावं लागन, की आधीच्या नोंदीचा पडताळा आला नाही. आधीची नोंद म्हणजे..."

पुढचं मी मनात पूर्ण केलं. म्हणजे विजूने न घडलेलं लिहिलं. तेही छापील अक्षरात, बांधीव पुठ्ठ्यात, ग्रंथालयात कायमचं.

विजूने लहानपणी माझ्या डब्यातले लाडू खाऊन मांजराचं नाव सांगितलं आहे. पण वहीत तिने कधी खोटं लिहिलं नाही. मांजराचंसुद्धा तोंडीच सांगितलं होतं.

"पाला तर बरोबर आहे ना?" मी विचारलं.

"एकदम बरोबर," अस्मा म्हणाली. "मी आणि मामा स्वतः अकलोलीहून आणतो. उद्या परत जायचंय. तुम्ही येता, मोठ्या मॅडम?"

मंगळवार, अकलोली

गणेशपुरी-वज्रेश्वरीकडे जाताना भिवंडीची गोडाऊनं मागे पडतात आणि कापणी झालेली भातखाचरं लागतात. आमच्याकडे रान म्हणजे उभा ऊस, पलीकडचं काही दिसत नाही. इथे सगळं कातरलेलं, दूरवर मोकळं, मधे पेंढ्याच्या उडव्या. डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागला.

अकलोलीला गरम पाण्याची कुंडं आहेत. बांधलेल्या दगडी हौदांतून वाफ निघते आणि माणसं गळ्यापर्यंत बुडून राजकारणावर बोलत असतात. फलटणला डिसेंबरात आंघोळीला पाणी हवं तर पहाटे बंब पेटवावा लागतो, धुराने डोळे चोळावे लागतात. इथे जमिनीनेच बंब पेटवून ठेवलाय, तोही फुकट. आणि तरी लोक तक्रार करतात की फार कढत आहे.

मामांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाय सोडले. एक रिकामी बाटली कुंडाच्या पाण्याने भरून घेतली. अस्माच्या अम्मीने डबा दिला होता. "अम्मीने तुमच्यासाठी वेगळं दिलंय, बगैर गोश्त का." बटाट्याचे कबाब होते. मी चार खाल्ले आणि पाचव्याकडे बघत राहिले, तसा तो अस्माने न बोलता माझ्या हातावर ठेवला.

मग ती कुंडामागच्या दगडी बांधाशी गेली, ओढणी कमरेला खोचली आणि कलथ्यासारख्या एका पट्टीने दगडांच्या फटी खरवडायला लागली. निघालं ते शेवाळं आणि त्यातून डोकावणारं नेच्यासारखं काहीतरी.

"हे काय करतेस?" मी विचारलं.

"पाला काढते."

"कसला?"

"दगडी पाला." तिने पट्टी दाखवली. "हे बघा ना, मोठ्या मॅडम. सिर्फ पत्थर पे येतो. मॅडमने लिहिलंय ना? दगडी पाला, अकलोली. पत्थरवाला पत्ता. मामांना विचारलं, अकलोलीला दगडावर पाला कुठे, तर मामांनी ही जागा दाखवली."

"मंग? दगड हाय, पाला हाय. अजून काय पायजे?" मामा पाण्यातूनच म्हणाले.

मी पायरीवर बसले, कारण उभं राहून हसता येईना. आठ महिन्यांत हसले नव्हते, त्यामुळे आवाज विचित्र निघाला असावा. कुंडातल्या राजकारणी मंडळींनीही मागे वळून पाहिलं.

हे आमच्याकडच्या वाचकांना सांगायची गरज नाही. दगडी पाला म्हणजे दगडावरचा पाला नव्हे. बांधावर, वाटेवर, एस.टी. स्टँडच्या मागे, कुठेही पसरणारं ते खरखरीत पानांचं झुडूप, लांब दांड्यावर एकुलतं एक पिवळसर-पांढरं फूल. लागलं-खरचटलं की शाळेतली पोरं ज्याचा पाला चुरगाळून लावतात, तोच. नाव दगडी का पडलं ते मलाही ठाऊक नाही. खडकाळ माळावर उगवतो म्हणून असेल. आणि तो आता कुठे होता? मी पाय उचलला. माझ्या चपलेखाली होता. कुंडापासून रस्त्यापर्यंत, अकलोलीच्या वाटेवर, अगदी विजूने लिहिल्याबरहुकूम.

मामा निथळत आले. वाकून पाहिलं. "ह्यो? अरे, ह्यो तर आमचे गोडाऊनच्या मागं रगड हाय! ह्येच्यावरून मी रोज गाडी नेतो!"

"तुमच्याकडे याला म्हणतात काय?"

"नाव कशाला पायजे? लागलं की चोलायचा पाला."

अस्मा मात्र खाली बसली होती. तिच्या पट्टीवरून हिरवा चिखल ओघळत होता. "दो महिने," ती म्हणाली. "दोन महिने मी हे शेवाळं उकळलं. अम्मी बोलते, तुझ्या अंगाला तलावाचा वास येतो. आणि मी मनात काय बोलत होती माहितेय? की मॅडमनी..." तिने ओढणीने तोंड पुसलं. "सॉरी, मोठ्या मॅडम."

मी तिच्या शेजारी बसले. आमच्याकडे पत्ता घराचा असतो, तिच्याकडे झाडाचा. विजूने एका ओळीत दोन्ही लिहून ठेवले होते, आणि आम्हा तिघांपैकी प्रत्येकाला त्यातलं अर्धंच वाचता येत होतं.

बुधवार

सरांनी टेबलावरचा ढीग पाहिला आणि कपाळावर हात मारला. "ही तर कंबरमोडी! आमच्या शेताच्या धुऱ्यावर ढिगानं असते. अन् मी हिच्यापायी मुंबईला फोन करून राहिलो!"

पाला धुतला, चिरला, उकळला, गाळला. पाला चिरायचं काम मी मागून घेतलं. अस्माने सिल्व्हर नायट्रेट मोजलं, आणि सगळे वाकून बघत असताना त्यात काढा सोडला.

पाणी पांढरं झालं. दुधात लिंबू पिळावं तसं फुटलं आणि तळाला चोथा बसला.

सरांनी चंबू तिरका करून चोथा पाहिला. मग सर हळूच म्हणाले, "पाला कोणत्या पाण्यात उकळला?"

"ऊर्ध्वपातित, मतलब डिस्टिल्ड," अस्मा म्हणाली. "बाटली मामांनी दिली."

सगळे मामांकडे बघायला लागले. मामा खिडकीकडे बघायला लागले.

"मामा?"

"तीर्थ हाय, सर," मामा म्हणाले. "अकलोलीच्या कुंडाचा. वज्राईचा. मनलं दोन महिने काय जालं न्हाय, मॅडमचा काम हाय, जरा देवीचा हात लागला तर..."

सरांना ओरडायचं होतं हे दिसत होतं. पण मामांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तेही बहुधा खारटच असणार. सर खुर्चीत बसले. "मामा, देवीच्या पाण्यात मीठ असते न, बाप्पा. चांदी अन् मीठ एकत्र आले की असं दहीच होते. देवीला म्हणा, आशीर्वाद द्या, पाणी नका देऊ."

पुन्हा पाला आणायला अकलोलीला जावं लागलं नाही. अस्मा फाटकाबाहेर गेली आणि सायकलस्टँडच्या मागून ओंजळभर घेऊन आली. यावेळी बाटलीचं सील सरांनी स्वतः फोडलं. घाईत चांदीच्या पाण्याचा एक थेंब माझ्या तर्जनीवर उडाला. मी पदराला पुसला. "आता नाही दिसणार. उद्या दिसन," सर म्हणाले.

दुपारी दोनला वीज गेली. भिवंडीत ती रोज तासन्‌तास जायची. पण मी ऐकलं नव्हतं ते असं : साऱ्या गावाचे माग एकदम थांबले. आमच्याकडे आवाज झाला की माणसं दचकतात, इथे बंद झाला की दचकतात. रस्त्यावर कुणी शिंकलं ते प्रयोगशाळेत ऐकू आलं. मामा म्हणाले, "आता बगा, समदे बाहेर येतील." आणि खरोखरच दारादारांतून बनियनमधली माणसं बाहेर येऊन उन्हात उभी राहिली, कान चोळत.

त्या शांततेत आम्ही चौघं खिडकीतल्या चंबूकडे बघत बसलो. आधी वाटलं, डोळ्यांना भास होतोय. फिकट पिवळा जरा दाट झाला. मग चहासारखा. मग, मला दुसरी उपमा येत नाही, काकवीसारखा. आमच्याकडे गुऱ्हाळावर कढई उतरताना दिसतो तो रंग, मी लहानपणापासून ओळखते. विजूही ओळखत होती.

अस्माने घड्याळ पाहिलं. "दोन तासांत," ती म्हणाली. "तपकिरी." आणि मग अगदी विजूच्या चालीवर, "छान!!"

"अजून बश्या बाकी आहेत," सर म्हणाले. पण चष्मा त्यांनी पुन्हा पुसला.

गुरुवार, अंजूर

सकाळी उठले तर तर्जनीच्या पेरावर शाई सांडल्यासारखा काळा डाग होता. साबण, लिंबू, राख, काही चाललं नाही.

दर दिवाळीला विजू घरी यायची तेव्हा तिची बोटं अशीच असत. मी म्हणायची, "प्राध्यापिका ना गं तू? की चुली सारवतेस तिथे?" ती बोटं माझ्या नाकासमोर नाचवायची. "चांदी आहे ही, अक्का. तुझ्या हाताला लागलीय कधी?"

जंतूंच्या बश्या उबवायला ठेवल्या होत्या. दिवसभर करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मामा जेवायला अंजूरला घेऊन गेले. शेतं, मग गोडाऊन, मग पुन्हा एक शेत, बिचकून मधेच उभं. पाटीलमामींनी तांदळाची भाकरी वाढली. आमची ज्वारीची भाकरी ताटात ताठ बसते, पाहुण्यासारखी. ही रुमालासारखी घडी घालून घेते. सोबत वालाचं बिरडं आणि दुसऱ्या ताटात खाडीची कोलंबी.

"मी मासे नाही खात," मी म्हटलं.

मामी खऱ्या चिंतेने माझ्याकडे बघत राहिल्या. "न्हाय खात? मंग जगता कशावर, बाय?"

"मॅडम खायची ना," मामा म्हणाले. "पयल्या वर्षी न्हाय मनाली. दुसऱ्या वर्षी निसता रस्सा. तिसऱ्या वर्षी मागून घ्यायची."

घरी तिने हे कधी सांगितलं नव्हतं. मी भाकरीचा तुकडा कोलंबीच्या रश्शात बुडवला. निसता रस्सा. बाकीचं दुसऱ्या कुठल्या वर्षी.

शुक्रवार

सरांनी बश्या उजेडात धरल्या. जंतूंची धुरकट साय सगळीकडे पसरली होती. नुसत्या काढ्याभोवती काही नाही. नुसत्या सिल्व्हर नायट्रेटभोवती लहानसा गोल. आणि नमुना पाचभोवती रुपयाएवढा स्वच्छ, पारदर्शक गोल. चार बश्या, चारही तशाच.

अस्माने पट्टीने मोजलं, वहीत लिहिलं, पुन्हा मोजलं. मग विजूची नोंद शेजारी ठेवून माझ्याकडे ढकलली.

"पान राहते," सर म्हणाले. "आता फक्त आधार. हा अ.गु. काही सापडला नाही. रकाना कोरा कसा सोडायचा?"

"पण मॅडमना हा पाला सुचला कसा?" अस्माने विचारलं. "जखमेला लावतात म्हणून?"

"तिने स्वतःच लावला होता," मी म्हटलं. "मी अकरा वर्षांची, ती सात. कालव्याच्या पायऱ्यांवरून मी घसरले. हिने पाला चावून, थुंकीसकट थापला. आईने तो पुसून औषध लावलं की ही पुन्हा थापायची. रोज फडकं सोडायला लावायची, बघू दे, बघू दे म्हणून, आणि पाटीवर लिहायची, आज किती लाल, आज किती. आठव्या दिवशी खपली धरली, तर मैत्रिणींना बोलावून दाखवला अक्काचा गु..."

माझं वाक्य तिथेच राहिलं.

मामांना आधी कळलं. "अ," ते एका बोटावर मोजत म्हणाले, "गु."

"अक्काचा गुडघा," अस्मा म्हणाली. "या अल्ला. मी दोन महिने याला किताब समजून शोधलं!"

"मी ग्रंथपाल असून मला सापडला नाही," मी म्हटलं. मग विजूची नोंद पुन्हा जवळ ओढली.

सरांनी घसा खाकरला. "नोंदीला पुरावा लागतो न, मॅडम."

"दाखवा की मंग, बाय," मामा म्हणाले. "खूण असंल ना अजून?"

खूण होती. मी साडीच्या निऱ्या जेमतेम उचलल्या असतील, तोच सर गर्रकन खिडकीकडे वळले. "मान्य आहे! मान्य आहे!"

अस्माने प्रबंधात त्या रकान्यात लिहिलं : 'व्यक्तिगत निरीक्षण, फलटण.' आणि कंसात, सरांनी दोनदा खोडूनही, अ.गु.

शनिवारी तो जमा झाला तेव्हा मी परतीच्या बसमध्ये होते. कच्ची वही तिथेच ठेवून आले. सही घेऊन, रीतसर.

हे लिहायला घेतलं तेव्हा बोटावरचा डाग चांगला काळा होता. सर म्हणाले होते, घासू नका, कातडीबरोबर जाईल. तो असेपर्यंत लिहून संपवायचं ठरवलं होतं, पण माझा लिहिण्याचा वेग विजूला ठाऊक होता. 'रविवार' लिहिला तेव्हा काळा, 'बुधवार'पर्यंत तपकिरी, आणि आज नीट उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. काल भाजीवालीने विचारलं, "बाई, बोटाला काय लागलंय?"

"चांदी," मी म्हटलं.